जोखीम-विभागणी, हुंडीव्यवहारातील (वाराणसी)

वाराणसीतील सराफी पेढ्यांनी हुंडीच्या आधारे रूढ केलेली, जोखीम आणि नफा यांचा मेळ घालणारी पद्धती. कापड व साखरेचा व्यापार, गंगेवरील वाहतूक आणि यात्रेकरूंचा ओघ यांमुळे अठराव्या शतकात हे शहर उत्तर हिंदुस्थानातील मोठे सराफी केंद्र होते. मराठी सरदारांचे घाट, देवळे व अन्नछत्रे यांमुळे दख्खनशीही त्याचा निकटचा संबंध होता. रोकड नेताना लुटीचे भय असे. त्यामुळे यात्रेकरू वा व्यापारी गावच्या सराफाकडे पैसे भरून हुंडी घेई व ती काशीत वटवी. सराफाला मिळणारी हुंडणावळ ही या पत्करलेल्या जोखमीचीच किंमत होय.

हुंडीची रचना : दर्शनी हुंडी दाखवताच वटे, तर मुदती हुंडी ठरल्या दिवसांनी. खाडाखोडीला वाव राहू नये म्हणून रक्कम आकडी व अक्षरी लिहून शिवाय ‘निमे पन्नासाची दुप्पट शंभर’ अशी फोडूनही सांगत. हुंडी हरवल्यास पेठ, तीही गहाळ झाल्यास परपेठ दिली जाई; वटलेली हुंडी ती खोका. जोखमी हुंडीचे पैसे माल सुखरूप पोचला तरच मिळत. म्हणजे ती हुंडी आणि विमा दोन्ही होती. 1881 च्या परक्राम्य संलेख अधिनियमाने देशी भाषांतील हुंड्यांच्या स्थानिक रूढी सामान्यतः अबाधित ठेवल्या.

मूल्यमापन : जितक्या गावी पेढ्या तितकी जोखीम कमी, हा समज अपुरा आहे. गावे अनेक असली, तरी ऋणको एकच असेल तर सगळी येणी एकदमच अडकतात. गोपाळदास मनोहरदास या पेढीने सुरतेवरील हुंड्यांद्वारे ईस्ट इंडिया कंपनीचा बंगालमधील पैसा मुंबईकडे पोचता केला. या व्यवहाराचा पसारा दूरवरचा, पण भिस्त एकाच सत्तेवर. सरकारसारखा खात्रीचा ऋणको असताना पैसा विखरून नफा का घटवावा, हा आक्षेप वरवर रास्त वाटतो. मात्र धोका केवळ पैसे बुडण्याचा नसतो, धंदा हातचा जाण्याचाही असतो : एकोणिसाव्या शतकात कंपनीने ही रवानगी क्रमाने आपल्या खजिन्यांकडे वळवली. उलट यात्रेकरू, व्यापारी, कारागीर यांच्याशी असलेले व्यवहार किरकोळ आणि कटकटीचे, पण ते सगळे एकाच कारणाने थांबणारे नव्हते. हॅरी मार्कोविट्झ यांनी 1952 मध्ये हेच तत्त्व गणिती रूपात मांडले : गुंतवणुकींची संख्या पुरेशी नाही, त्यांचे चढउतार एकमेकांशी किती जुळतात हे पाहावे लागते. या कार्यासाठी त्यांना 1990 चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. बहुतेक सराफांना अनेक गावच्या पेढ्यांचे महत्त्व पटले होते. अनेक प्रकारच्या ऋणकोंचे महत्त्व तितकेच आहे.