मागे राहिलेल्यांचं काय झालं?

शिकागोहून लंडनला निघालेलं विमान मध्यरात्री समुद्रावर आहे. एकाएकी काही सीट रिकाम्या होतात. कपडे, चष्मा, घड्याळ जागच्या जागी आणि माणूस गायब. विमानातली सगळी लहान मुलंही नाहीशी. खाली जमिनीवर ड्रायव्हर नसलेल्या गाड्या एकमेकींवर आदळतायत. ज्यांचा ख्रिस्तावर खरा विश्वास होता त्यांना देवाने उचलून नेलंय. बाकीचे मागे राहिलेत आणि आता त्यांच्यापुढे सात वर्षांचा संकटकाळ आहे.

ही ‘लेफ्ट बिहाइंड’ची गोष्ट. टिम लाहे आणि जेरी जेन्किन्स यांची ही कादंबरी १९९५ साली आली. पुढे तिची १६ पुस्तकांची मालिका झाली आणि मालिकेच्या सहा कोटींहून जास्त प्रती खपल्या. तिच्यावर २००० साली एक चित्रपट निघाला, दिग्दर्शक काश्मीरमध्ये जन्मलेले व्हिक सरीन. २०१४ साली पुन्हा एक निघाला. त्यात वैमानिक होता निकोलस केज.

हे चित्रपट कसे आहेत ते ओटीटीवर बघून तुम्हीच ठरवा. मला त्यांच्यापेक्षा त्यांच्याबद्दलची मतं जास्त इंटरेस्टिंग वाटली. २००० चा चित्रपट आधी व्हिडिओ कॅसेटवर आला आणि नंतर, फेब्रुवारी २००१ मध्ये, थिएटरात. चाहत्यांनी घरी बघायचा, मग शेजाऱ्याला घेऊन थिएटरात जायचं, असा तो हिशोब होता. चाहते खरंच गेले. अभिनय कच्चा आहे, खर्च कमी झालाय, हे त्यांनाही दिसत होतं. पण निरोप पोचतोय ना, मग झालं, असं त्यांचं म्हणणं. खुद्द लाहे मात्र खूश नव्हते. मोठ्या बजेटचा चित्रपट करू असा शब्द दिला होता, तो पाळला नाही, म्हणून त्यांनी निर्मात्यांना कोर्टात खेचलं.

२०१४ ला उलटं झालं. लाहेंना हा चित्रपट आवडला आणि समीक्षकांनी तो धुऊन काढला. अमेरिकेत सर्वात वाईट चित्रपटांना ‘रॅझी’ नावाचा थट्टेचा पुरस्कार देतात. त्यात त्याला नामांकनं मिळाली. वाईट अभिनेत्याच्या शर्यतीत केजला हरवलं ते कर्क कॅमेरॉनने, म्हणजे २००० च्या ‘लेफ्ट बिहाइंड’च्या हिरोने, वेगळ्याच एका चित्रपटासाठी. अनेक ख्रिस्ती प्रेक्षकांचीही तक्रार होती: यात विमान आहे, धूर आहे, पण ख्रिस्त कुठेय? ‘ख्रिश्चॅनिटी टुडे’ या नावाजलेल्या ख्रिस्ती मासिकाच्या समीक्षकाने तर याला ख्रिस्ती चित्रपट म्हणायलाच नकार दिला.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. एखाद्या ॲपचं रेटिंग एक स्टार आणि पाच स्टार अशा दोनच टोकांना साचलं, तर आम्ही एक शंका घेतो: ॲप एकच असलं तरी दोन गट ते दोन वेगळ्या कामांसाठी वापरतायत. ‘लेफ्ट बिहाइंड’चंही तेच आहे. एक गट सिनेमा बघत होता. दुसरा गट इशारा ऐकत होता. इशारा ऐकणारा माणूस कॅमेरा कुठे लावलाय हे बघत नाही.

याची सवय अमेरिकेत जुनी आहे. १९७२ साली ‘अ थीफ इन द नाइट’ नावाचा अगदी कमी पैशातला चित्रपट निघाला, याच विषयावर. तो थिएटरपेक्षा चर्चच्या हॉलमध्ये जास्त दाखवला गेला. तो लहानपणी बघितलेल्या कितीतरी जणांनी मोठेपणी एकच आठवण सांगितलीय: शाळेतून घरी आलो, आई घरात दिसली नाही, आणि वाटलं की सगळे वर गेले, मी एकटाच उरलो.

ही कल्पना आली कुठून? ‘रॅप्चर’ हा शब्द बायबलमध्ये थेट सापडत नाही. पौलाने थेस्सलनीका शहरातल्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रात, चौथ्या अध्यायात, विश्वासणारे ढगांत उचलले जातील असं वर्णन आहे. त्याच्या लॅटिन भाषांतरातल्या क्रियापदावरून हा शब्द आला. पण आधी गुपचूप उचलणं, मग सात वर्षांचं संकट आणि मग ख्रिस्ताचं उघड आगमन, असं वेळापत्रक मांडलं ते जॉन नेल्सन डार्बी या उपदेशकाने, १८३० च्या दशकात. १९०९ सालच्या स्कोफिल्ड बायबलच्या तळटीपांनी ते अमेरिकेत घरोघरी नेलं. कॅथलिक, ऑर्थोडॉक्स आणि बरेच प्रोटेस्टंट हे वेळापत्रक मानत नाहीत. म्हणजे वसईच्या कॅथलिक घरातला मुलगा आणि एखाद्या पेंटेकॉस्टल मंडळीतला मुलगा हा चित्रपट शेजारी बसून बघतील, तेव्हा एकाला ती काल्पनिका वाटेल आणि दुसऱ्याला उद्याची बातमी.

इथवर वाचून वाटेल की या सगळ्याचा आपल्या बुलढाण्याशी काय संबंध? संबंध आहे, आणि तो चित्रपटापेक्षा शंभर वर्षांनी जुना आहे.

१८८७ साली अमेरिकेत ए. बी. सिम्पसन नावाच्या पाद्रींनी एक चळवळ उभी केली. पुढे तिचं नाव ‘ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स’ झालं. सिम्पसन यांच्या शिकवणीचे चार खांब होते: ख्रिस्त तारणारा, पवित्र करणारा, बरं करणारा आणि परत येणारा राजा. चौथा खांब आपल्या कामाचा. मत्तयाच्या शुभवर्तमानात, २४ व्या अध्यायात, सुवार्ता सगळ्या राष्ट्रांना सांगून झाल्यावर शेवट येईल अशा अर्थाचं वचन आहे. सिम्पसन यांनी ते कामाची यादी असल्यासारखं घेतलं. जिथे कुणी पोचलं नाही तिथे पोचायचं, म्हणजे राजा लवकर येईल. डार्बीचं वेळापत्रक त्यांनी जसंच्या तसं उचललं नव्हतं, पण जगाची घडी आता मोडणार, वेळ थोडा उरलाय, ही घाई दोघांत सारखीच होती.

या चळवळीचं भारतातलं एक मुख्य क्षेत्र म्हणजे वऱ्हाड. अकोला हे केंद्र आणि भोवती अमरावती, मूर्तिजापूर, खामगाव, मलकापूर, बुलढाणा. तेव्हा वऱ्हाड कागदावर निझामाचा होता आणि कारभार इंग्रजांचा. म्हणजे आपल्याकडे काही मिशनरी आले ते, आपण गेलो की जगाच्या शेवटाचं घड्याळ पुढे सरकेल, या विश्वासाने. ‘लेफ्ट बिहाइंड’चे चाहते जी गोष्ट पडद्यावर बघत होते, ती यांनी बोटीचं तिकीट काढून जगायला घेतली होती.

आणि ते आले तेव्हा वऱ्हाडात खरोखरच प्रलय चालू झाला, फक्त तो वेगळ्या वाटेने आला. आधी १८९६–९७ चा दुष्काळ आणि त्यातून सावरायच्या आत १८९९–१९०० चा. हा दुसरा गुजरात-राजस्थानात संवत १९५६ वरून ‘छप्पनिया’ म्हणून अजून आठवला जातो. पाऊस पडला नाही हे खरं, पण नुसतं आभाळाकडे बोट दाखवून भागत नाही. अमेरिकेतल्या यादवी युद्धापासून (१८६१–६५) वऱ्हाड मँचेस्टरच्या गिरण्यांसाठी कापूस पिकवत होता. खामगावच्या कापूस बाजारासाठी जलंबहून रेल्वेचा फाटा टाकला आणि १८७० साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः त्याच्या उद्घाटनाला आले. कापसाला भाव होता तेव्हा हातात पैसा आला. पण कापूस खाता येत नाही. ज्वारी महागली आणि शेतात मजुरी उरली नाही, तेव्हा आधी शेतमजुराचं घर रिकामं झालं. रेल्वे दारात होती, पण बाहेरून आलेलं धान्य विकत घ्यायला खिशात दाम लागतो.

१९०१ च्या जनगणनेत बुलढाणा जिल्ह्याची लोकसंख्या दहा वर्षांपूर्वीपेक्षा सुमारे १२ टक्क्यांनी कमी भरली. (खामगाव आणि जळगाव जामोद हे तालुके तेव्हा अकोला जिल्ह्यात होते, ते १९०५ साली बुलढाण्याला जोडले.) आठ माणसांमागे एक कमी, असा हा हिशोब. सगळे मेले असं नाही, काही गाव सोडून गेले. पण उंबरठ्यावर उभ्या पोराला फरक काय पडतो? चित्रपटात माणसं डोळ्यांची पापणी लवायच्या आत नाहीशी होतात. इथे ती महिनोन् महिने, एकेक करून नाहीशी झाली.

आता गंमत बघा. जग संपणार यावर ज्यांचा पक्का विश्वास होता, त्यांच्या तत्त्वात दुष्काळ बसतच होता. दुष्काळ, रोगराई, भूकंप ही शेवटाची चिन्हं म्हणून बायबलमध्ये सांगितलेलीच आहेत. ‘बघा, आम्ही म्हणत होतो ना’ असं म्हणून ते हात जोडून बसू शकले असते. पण त्यांना भाकरीची सोय करावी लागली. अकोल्यात मुलांसाठी आणि खामगावात मुलींसाठी अनाथालयं चालवली गेली. अनाथालय म्हणजे काय, याचा विचार करा. पाच वर्षांचं पोर आज आत घेतलं तर पुढची दहा-बारा वर्षं त्याचं जेवण, कपडे, अक्षरओळख, हाताला काम हे सगळं बघावं लागतं. उद्या शेवट आहे असं खरंच मानणारा माणूस बारा वर्षांचा खर्च कशाला अंगावर घेईल? त्यांच्या तोंडी शेवट होता आणि वहीत पुढच्या वर्षीच्या धान्याचा हिशोब.

याच मिशनच्या जेनी फुलर अकोल्यात बरीच वर्षं होत्या. त्यांनी भारतीय स्त्रियांच्या हालांवर ‘द राँग्ज ऑफ इंडियन वुमनहुड’ हे पुस्तक लिहिलं. ते १९०० साली आलं, प्रस्तावना पंडिता रमाबाईंची. त्याच वर्षी फुलर वारल्या. रमाबाई स्वतः १८९६–९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुलींना घेऊन आल्या होत्या. केडगावचं मुक्ती मिशन त्यातूनच वाढलं.

पण याला नुसती पुण्यकथा करणं बरोबर नाही. भुकेल्या मुलाला अन्नाबरोबर धर्मही मिळत असेल, तर त्याच्या होकाराला किती अर्थ? हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला आणि तो रास्त आहे. फुलरबाईंच्या पुस्तकात आपल्या समाजाकडे वरून बघण्याची नजर आहे, हेही नाकारता येत नाही. शिवाय ज्या इंग्रजी राज्याच्या धोरणाने कापूस वाढला आणि कोठार रिकामं झालं, त्या राज्यावर हे मिशनरी फारसं बोट ठेवत नाहीत. देवाचा कोप म्हटलं की माणसाचा हिशोब तपासावा लागत नाही. शेवटाच्या गोष्टींतला मोठा धोका मला हाच वाटतो.

मराठी ख्रिस्ती लोकांत सगळ्यांनी ही शेवटाची भाषा घेतली असंही नाही. १८१३ साली मुंबईत आलेल्या अमेरिकन मराठी मिशनच्या परंपरेत, आधी जग हळूहळू सुधारेल आणि मग ख्रिस्ताचं राज्य येईल, असा जुना आशावाद होता. त्याच परंपरेतून आलेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १९१७ साली मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ काढला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघेही त्यात ख्रिस्ताचे शिष्य म्हणून एकत्र बसू शकत होते. कोण आत आणि कोण बाहेर याची यादी टिळकांनी फाडून टाकायला घेतली होती. ‘लेफ्ट बिहाइंड’चं सगळं नाट्य त्या यादीवरच उभं आहे. टिळक १९१९ ला गेले आणि दरबार फार वाढला नाही. पण ख्रिस्ती आणि मराठी असूनही शेवटाकडे दुसऱ्या नजरेने बघता येतं, एवढं त्यांनी दाखवलं.

आणि आपल्या जिल्ह्याची स्वतःची भविष्याची रीतही आहेच. जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला अक्षय्य तृतीयेला घटमांडणी होते. शेतात गोल घट आखून १८ प्रकारची धान्यं मांडतात. मध्ये पावसाच्या चार महिन्यांची चार ढेकळं, वर पाण्याची घागर, पापड, कुरडई, पानविडा. दुसऱ्या दिवशी पहाटे काय हललं ते बघून पाऊस, पिकं आणि राजाचं भाकीत सांगतात. यामागे विज्ञान नाही, आणि त्यावर पेरणी ठरवू नका असं मी कुणालाही सांगेन. पण त्या भाकिताची मुदत बघा: एक वर्ष. पुढच्या अक्षय्य तृतीयेला पुन्हा घट मांडायचा. दुष्काळ सोसलेल्या शेतकऱ्याला जग कधी संपेल याची उत्सुकता नसते, कपाशी होईल का याची असते.

हे सगळं डोक्यात ठेवून पुन्हा त्या चित्रपटाच्या मतांकडे गेलो, तर वाटतं की बहुतेक भांडण चुकीच्या जागी झालं. अभिनय वाईट, विमान खोटं, संवाद प्रवचनासारखे, हे सगळं मान्य. पण मागे राहिलेल्यांची गोष्ट सांगतो म्हणणाऱ्या चित्रपटात त्यांचे हाल हे भाकीत खरं ठरल्याचा पुरावा म्हणूनच येतात. ज्या लहानग्यांची काळजी कुणी करायची हा खरा प्रश्न, त्यांना तर गोष्ट पहिल्या झटक्यातच वर उचलून घेते. म्हणजे अनाथालयाची गरजच उरत नाही.

वऱ्हाडात १९०० साली मुलं वर गेली नाहीत. ती इथेच होती, खामगावात, अकोल्यात, मलकापूरच्या रस्त्यावर, पोट खपाटीला गेलेली. त्यांना कुणी आत घेतलं, कुणी घेतलं नाही, कुणी अट घालून घेतलं. त्यातली जगली ती मोठी झाली, त्यांना मुलं झाली, त्यांचे वंशज आजही या भागात आहेत. शेवटाची वाट बघत आलेल्या माणसांना इथे शाळेची घंटा बांधावी लागली, विहीर खणावी लागली, बाजारातून ज्वारी आणावी लागली. त्यांचा राजा त्यांच्या हयातीत आला नाही. पोरांना दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा भूक लागली, आणि कुणीतरी चूल पेटवली.