साहेब बदलले

१९९२ साली भारतीय क्रिकेट संघाला अजित वाडेकर मॅनेजर म्हणून लाभले. वाडेकर स्टेट बँकेतले, म्हणजे आमच्याच जातकुळीचे! १९७१ साली कप्तान म्हणून त्यांनी वेस्ट इंडिज आणि इंग्लंडला त्यांच्या घरी जाऊन हरवलं होतं. १९७४ मध्ये इंग्लंडात ३-० असा मार बसला आणि कप्तानी गेली. सत्कार आणि निरोपसमारंभ यांत अंतर किती, हे त्यांना पाठ होतं.

चार वर्षं त्यांनी संसार नीट चालवला. इंग्लंडला १९९३ मध्ये घरी बोलावून ३-० धुतलं. मायदेशी एकही कसोटी मालिका घालवली नाही. मग १३ मार्च १९९६ उजाडला. ईडन गार्डन्स, विश्वचषकाची उपांत्य फेरी. १ बाद ९८ वरून बघता बघता ८ बाद १२०! लोकांनी बाटल्या फेकल्या, सामना श्रीलंकेला बहाल झाला आणि वाडेकरांची मुदत संपली.

पुढं केबिनचं दार काही मिटेना. संदीप पाटील आले, वर्षही पुरं झालं नाही. मदनलाल १९९७ पर्यंत. अंशुमन गायकवाडांच्या वेळी कुंबळेनं दिल्लीत डावात दहा बळी घेतले, तरी १९९९ मध्ये कपिलदेव आलेच. ऑस्ट्रेलियात ३-० झालं आणि २००० मध्ये तेही गेले. बरं, खेळणारे? सचिन तोच, श्रीनाथ तोच!

आलापल्लीत नोकरी करणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. भोवतालचा साग पिढ्यान् पिढ्या जागचा हलत नाही. आमच्या शाखेतला साहेब मात्र आल्या दिवसापासून बदलीचे दिवस मोजतो. एका बाईंच्या बैलजोडीच्या कर्जाच्या अर्जावर तीन साहेबांनी 'चर्चा करावी' असा शेरा मारला. चर्चा करायला चौथे आले, तेव्हा पेरणी उरकली होती. शेजाऱ्याचे बैल मागून, त्याच्या सवडीनं.

हा रोग काही आपलाच नव्हे. जर्मनीत वेर्डर ब्रेमेन नावाचा फुटबॉल क्लब आहे. तिथं ओटो रेहागेल १९८१ पासून चौदा वर्षं टिकले, दोनदा अजिंक्यपद मिळवलं. ते गेल्यावर चार वर्षांत चार मॅनेजर! शेवटी १९९९ मध्ये क्लबातच वाढलेल्या थॉमस शाफना बसवलं, ते २०१३ पर्यंत हलले नाहीत. आपण मात्र न्यूझीलंडहून जॉन राइट आणले; ते २००५ पर्यंत राहिले.

आणि वाडेकर? ते १९९८ मध्ये निवड समितीचे अध्यक्ष होऊन परतले. आमच्या भाषेत, हेड ऑफिसला प्रमोशन.