लक्ष्मीबाई टिळक : शोक आणि ग्रंथरचना

नाशिकजवळच्या जलालपूर गावी १८६८ साली जन्मलेल्या लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ ह्या आत्मचरित्राच्या आरंभीच एका फाशीची हकीकत येते. १८५७ च्या धामधुमीत त्यांच्या आजोबांना फाशी झाली आणि त्या आघाताने वडिलांना सोवळ्याचे वेड लागले. मीठसाखरेसारखे जिन्नसही धुऊन घेण्यापर्यंत त्या वेडाची मजल गेली. वाचक ह्या प्रकरणास हसतात, व लेखिकेची त्यास हरकत नसावी. परंतु त्या घरात एका शोकाने कर्मठपणाचे रूप घेतले होते, हे हसण्याच्या भरात नजरेआड होते. त्याच घरातील मुलीच्या वाट्यास जो शोक आला, त्याने निराळी वाट धरली.

१८८० मध्ये त्यांचा नारायण वामन टिळकांशी विवाह झाला. फेब्रुवारी १८९५ मध्ये टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. तत्कालीन ब्राह्मण समाजाच्या दृष्टीने पती हयात असूनही गेल्यासारखाच होता. अशा दुःखास ना सुतकाची मुदत, ना सांत्वनाचा रिवाज. ह्या वियोगाच्या वर्षांत, शाळेचे तोंड न पाहिलेल्या लक्ष्मीबाई कविता रचू लागल्या. पुढे पतिपत्नी एकत्र आली, आणि १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला.

९ मे १९१९ रोजी मुंबईस टिळकांचे निधन झाले. त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य दहा-अकरा अध्यायांवरच थांबले होते. फादर स्टीफन्सांच्या १६१६ च्या ‘ख्रिस्तपुराणा’पासून मराठीत रुजलेल्या ओवीबद्ध ख्रिस्तकथेच्या परंपरेतील हे काव्य लक्ष्मीबाईंनी पुढे चालविले, व त्यात चौसष्ट अध्यायांची भर घातली. ह्यास नुसते ‘पूर्ण केले’ म्हणणे हा वाङ्मयेतिहासकारांचा संकोच होय. तथापि ह्या अध्यायांत विधवेचा विलाप शोधू जाणाऱ्याची निराशा होईल. विषय टिळकांचा, संकल्प टिळकांचा. पत्नीने त्यात स्वतःस जवळजवळ लपविले आहे. गेलेल्या माणसाचे काम रोज हाती घेणे, एवढाच त्या शोकाचा उच्चार.

‘स्मृतिचित्रां’चा उगम मात्र पुत्र देवदत्त ह्यांच्या इच्छेत आहे. वडिलांचे चरित्र लिहिण्यासाठी त्यांना आईच्या आठवणी हव्या होत्या. त्या प्रथम ‘संजीवनी’ साप्ताहिकातून आल्या व १९३४ ते १९३६ ह्या काळात चार भागांत ग्रंथरूप झाल्या. टिळकांचा शीघ्रकोप, त्यांचा विसराळूपणा, घरात दाणा नसता दुसऱ्यास देऊन टाकण्याची त्यांची सवय, सारे तेथे निःसंकोच आले आहे. मृत पतीस देवत्व देण्याची त्या काळची रूढी पाहता हा मोकळेपणा विलक्षण वाटतो. त्याचे श्रेय सामान्यतः लेखिकेच्या विनोदबुद्धीस दिले जाते. ते बरोबरच आहे. पण पतीच्या निधनानंतर दीड दशकाने छापील झालेल्या ह्या हास्यामागे ‘ख्रिस्तायना’ची सोबत होती, ही बाब समीक्षेत फारशी विचारात घेतलेली दिसत नाही. पतीविषयीचे ऋण एका ग्रंथात फिटत असल्यामुळेच दुसऱ्या ग्रंथात त्याच्याशी भांडण्याची मुभा लेखिकेस मिळाली असावी. दोन्ही ग्रंथ एकत्र वाचल्याविना हा संबंध ध्यानी येत नाही, आणि ‘ख्रिस्तायन’ आज फारसे कोणी वाचत नाही.

लक्ष्मीबाई २४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिक येथे निवर्तल्या. ‘ख्रिस्तायन’ १९३८ साली प्रसिद्ध झाले. त्याचा अखेरचा अध्याय देवदत्तांनी लिहिला आहे.