बेरीज कोण करतंय?

आजची गोष्ट एका फसव्या बेरजेची. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी विभागवार खर्चाचा रिपोर्ट काढला. त्यात एकच विभाग तीन ठिकाणी छापला गेला. साहेबांनी पहिलीच बेरीज धरली आणि 'खर्चच कमी आहे' म्हणून त्यांचा पुढचा निधी कापायला निघाले!

चूक माझी, पण तिचं मूळ जुनं. 1959 च्या सुमारास आयबीएमने रिपोर्टसाठी आरपीजी ही भाषा आणली. पंचकार्डं एकामागून एक वाचली जात. विभागाचा क्रमांक बदलला, की बेरीज छापायची आणि पुन्हा शून्यापासून सुरुवात. म्हणून कार्डं आधी क्रमाने लावावीच लागत. माझं रिपोर्टिंग टूलही तसंच चालायचं, आणि मी सॉर्टिंगच केलं नव्हतं.

1974 मध्ये चेंबरलिन आणि बॉइस यांनी सीक्वेल मांडली, म्हणजे आजच्या एसक्यूएलचं पूर्वरूप. काय हवं ते आपण सांगायचं, कसं काढायचं ते डेटाबेस बघणार. त्यातला कमी खर्चाचा मार्ग कसा निवडायचा, ते 1979 मध्ये पॅट सेलिंजर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं.

मी 'ग्रुप बाय' क्वेरीतच घातलं. टूलकडे लाखभर ओळींऐवजी विभागामागे एकच ओळ येऊ लागली. बेरीज जुळली, रिपोर्टही झटकन उघडला. निधी वाचला, आणि खरं सांगू, माझी नोकरीसुद्धा!

तुमचा रिपोर्ट रखडला, तर आधी हेच बघा: बेरीज टूल करतंय की डेटाबेस? भेटू पुढच्या भागात.