प्रजननक्षमता व अपत्यनियोजन

मूल होण्याची शारीरिक क्षमता आणि ती ओळखून मूल कधी हवे हे आधी ठरवणे. पुण्याजवळच्या पिंपळे गुरवसारख्या भागात नोकरीची पाळी आणि फ्लॅटचे हप्ते सांभाळताना हा निर्णय सहज लांबतो.

स्त्रीबीजांचा साठा जन्मतःच ठरलेला असतो. पस्तिशीनंतर तो वेगाने घटतो, बीजांचा दर्जाही उतरतो. बीज साधारणतः पुढच्या पाळीच्या 14 दिवस आधी सुटते आणि जेमतेम एक दिवस टिकते. शुक्राणू मात्र 5 दिवसांपर्यंत तग धरतात, म्हणून बीज सुटण्याआधीचे दिवस महत्त्वाचे. शुक्राणू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात. भट्टीजवळची सततची उष्णता आणि तंबाखू त्यांना बाधतात. तरीही तपासणीला आधी सुनेलाच नेतात. हे चूक आहे. दोघांची तपासणी एकाच वेळी व्हावी.

अपत्यनियोजनाचा विचार जुनाच आहे: समाजसुधारक र. धों. कर्वे यांनी 1921 मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र काढले. त्याच शहरात 6 ऑगस्ट 1986 रोजी, केईएम रुग्णालयात, डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांतून, शरीराबाहेर बीज फलित करून, टेस्ट ट्यूब बेबी जन्मली. पण वयाने गेलेली बीजे हे तंत्रही परत आणत नाही.

वर्षभरात, पस्तिशीपुढे सहा महिन्यांतच, गर्भ राहिला नाही तर डॉक्टरांना भेटावे. फॉलिक अ‍ॅसिडची गोळी गर्भधारणेच्या किमान महिनाभर आधी सुरू करावी.