ट्रंक कुठे ठेवायची? कोकणातल्या गाड्यांचा इतिहास, सामानाच्या बाजूने

हा भाग ऐकण्याऐवजी वाचत असाल तर बसा निवांत, कारण आज विषय घरचा आहे.

गेल्या महिन्यात आमच्या फॅमिली ग्रुपवर भांडण झालं. यंदा गणपतीची पाळी आमच्याकडे. मालवणजवळच्या आमच्या घरात चार भावांत पाळी फिरते, म्हणजे पुढची पाळी थेट चार वर्षांनी. आजी एक्याऐंशी वर्षांची. पुढचं गणित कुणी बोलून दाखवलं नाही, पण सगळ्यांच्या डोक्यात तेच होतं. माणसं किती? आजी, आई, बाबा, ताई, ताईची दीड वर्षाची मुलगी आणि मी. नग किती? अकरा. त्यातला अकरावा नग म्हणजे आजीची पत्र्याची ट्रंक. आत समया, तांब्याची भांडी, निरांजनं, आरतीचं तबक, सगळं गणपतीचं.

मी इंजिनियर माणूस. सरळ लिहिलं, "वंदे भारत करू. सगळ्यात फास्ट." आजीला व्हॉट्सॲप येत नाही. ताईने वाचून दाखवलं. आजीचा एकच प्रश्न आला, "ट्रंक खय ठेवतलस, ता सांग आदी."

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते शोधता शोधता मी कोकणच्या प्रवासाच्या शंभरेक वर्षांत जाऊन आलो. तेच आज सांगतो.

सुरुवात बोटीपासून. रेल्वे नव्हती तेव्हा मुंबईहून आपल्या किनाऱ्यावर आगबोटी यायच्या. भाऊच्या धक्क्यावरून निघायचं आणि हर्णे, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला असं एकेक बंदर घेत खाली पणजीपर्यंत. मालवणचा किनारा खडकाळ, त्यामुळे बोट आत येत नसे. आजी सांगते, "बोट भायर उभी ऱ्हवायची. पडावातसून जावचा लागायचा." म्हणजे भर समुद्रात, हलत्या पडावातून शिडीला हात घालायचा, आणि ट्रंक दोरीने वर. आजोबा गिरणीत कामाला म्हणून मुंबईला आले ते याच ट्रंकेसकट.

पण त्या बोटींची एक गोष्ट आपण विसरतो. त्या पावसाळ्यात बंद असायच्या. म्हणजे चतुर्थीला गावी यायचं तर बोट नाही. मग घाट उतरून, रस्त्याने. पुढे एसटी आली. १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर ही पहिली एसटी धावली आणि हळूहळू लाल गाडी कोकणच्या वाडीवाडीत पोचली. एसटीचं वैशिष्ट्य काय? टप. तांदळाचं पोतं, फणस, आंब्याच्या पेट्या, गाद्या, सगळं टपावर. वेग काही नव्हता, पण "सामान कुठे ठेवू?" हा प्रश्नही नव्हता.

आता रेल्वे. कोकणात रेल्वे हवी ही मागणी खूप जुनी. अ. ब. वालावलकर यांच्यासारखी माणसं त्यासाठी आयुष्यभर झटली. बॅरिस्टर नाथ पै हे राजापूरचे खासदार, म्हणजे आपल्याच भागाचे. त्यांनी दिल्लीत हा विषय लावून धरला. १९७१ मध्ये ते गेले आणि त्याच मतदारसंघातून मधु दंडवते निवडून आले.

दंडवते १९७७ मध्ये रेल्वेमंत्री झाले. इथे जरा थांबू. कोकणातून निवडून गेलेल्या माणसाच्या हातात अख्खी रेल्वे आली. त्यांच्या कारकिर्दीतली सगळ्यात लक्षात राहिलेली गोष्ट कोणती? एखादी सुपरफास्ट गाडी नव्हे. दुसऱ्या वर्गाच्या शयनयानात तेव्हा लाकडी फळ्यांवर झोपावं लागायचं. दंडवत्यांनी त्या फळ्यांवर दोन इंच फोम घातला. बस्स. देशभरातल्या साध्या माणसाची पाठ त्याने वाचली. आज स्लीपरमध्ये आडवे होताना आपल्याला वाटतं, हे असंच असायचं. तर नाही, ते कुणीतरी ठरवून केलं होतं.

रूळ मात्र हळूहळूच सरकत होते. १९८६ मध्ये ते रोह्यापर्यंत आले आणि तिथेच थांबले. मग डिसेंबर १९८९ मध्ये योग जुळून आला. जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री आणि दंडवते अर्थमंत्री. १९९० मध्ये कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झालं आणि ई. श्रीधरन त्याचे प्रमुख झाले. रोहा ते मंगळूरजवळचं ठोकूर, सुमारे ७४० किलोमीटर. नव्वदहून जास्त बोगदे. रत्नागिरीजवळचा करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटरचा, आणि पानवलचा पूल ६४ मीटर उंच. २६ जानेवारी १९९८ ला पूर्ण मार्गावर गाडी धावली. मीही ९८ सालचाच. त्यामुळे बाबा घरी एक विनोद नेहमी करतात, की दोघांपैकी वेळेवर कोणीच येत नाही.

आता मुद्द्याकडे. हा मार्ग ताशी १६० किलोमीटरच्या हिशेबाने आखला होता. मग गाड्यांना इतका वेळ का लागतो?

पहिलं कारण, लाईन एकेरी आहे. २०२१ मध्ये रोहा-वीर हा तुकडा दुहेरी झाला, बाकी बहुतेक सगळा मार्ग सिंगल. आमच्या भाषेत सांगायचं तर सिंगल थ्रेड. समोरून गाडी आली की एकीने स्टेशनात बाजूला थांबायचं. आणि थांबते कोण? जिची प्रायॉरिटी कमी ती. म्हणजे नवीन वेगवान गाडी आली की तिचे वाचलेले काही क्षण पॅसेंजरच्या खात्यातून जातात. दिवा-सावंतवाडी पॅसेंजरने आलेला माणूस "क्रॉसिंगला ठेवली" असं म्हणतो ना, ते हेच.

दुसरं कारण पाऊस, आणि हे कारण हसण्यावारी नेण्यासारखं नाही. २२ जून २००३ च्या रात्री कारवारहून मुंबईला येणारी हॉलिडे स्पेशल आपल्याच वैभववाडीजवळ रुळावर कोसळलेल्या दरडीवर आदळली. पन्नासहून अधिक माणसं गेली. सुट्टी संपवून परतणारी कुटुंबं होती. वर्षभरातच, जून २००४ मध्ये, करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्सप्रेसला अपघात झाला. त्यानंतर डोंगरकापांवर जाळ्या आल्या, पावसाळ्यात रात्रंदिवस पायी गस्त घालणारी माणसं आली, आणि गाड्यांचा वेग कमी ठेवणारं पावसाळी वेळापत्रक काटेकोर झालं. मी आधी त्या वेळापत्रकाला शिव्या घालायचो. आता नाही घालत. तो उशीर आपण माणसं गमावून शिकलेला आहे.

याच रुळांवर मग वेग आला. मे २०१७ मध्ये तेजस. तेव्हा रेल्वेमंत्री सुरेश प्रभू, म्हणजे पुन्हा कोकणचेच. त्याच वर्षी दादर-सावंतवाडी राज्यराणीचं नाव केशवसुतांच्या कवितेवरून 'तुतारी एक्सप्रेस' झालं. २०२२ मध्ये मार्गाचं विद्युतीकरण पूर्ण झालं. आणि २७ जून २०२३ ला मुंबई-मडगाव वंदे भारत. तिचा शुभारंभ ३ जूनला होणार होता, पण आदल्याच दिवशी ओडिशात बालासोरचा भीषण अपघात झाला आणि तो पुढे ढकलला गेला.

वंदे भारत गाडी झकासच आहे, उगाच नावं ठेवणार नाही. कोरड्या दिवसांत मुंबई-मडगाव पावणेआठ तासांच्या आसपास. पण पावसाळी वेळापत्रकात हेच दहा तासांवर जातं आणि फेऱ्याही कमी होतात. चतुर्थी येते नेमकी पावसाळी वेळापत्रकात! शिवाय सिंधुदुर्ग जिल्ह्यात तिचा थांबा एकच, कणकवली. मालवणला तर रेल्वेच नाही. आमच्या घराला जवळचं स्टेशन कुडाळ. तिथे मांडवी थांबते, कोकणकन्या थांबते, तुतारी थांबते.

आता सामानाचा हिशेब. हा भाग स्क्रीनशॉट काढून ठेवा. रेल्वेच्या नियमात स्लीपर, थर्ड एसी आणि एसी चेअर कार, तिन्हीत माणशी ४० किलो फुकट. वजनाला सगळे सारखे. फरक आहे तो आकारात. साधारण ट्रंकेची मर्यादा १०० × ६० × २५ सेंटीमीटर. थर्ड एसी आणि चेअर कारला मात्र ५५ × ४५ × २२.५.

मी टेप घेऊन आजीच्या खोलीत गेलो. ट्रंक भरली ७२ × ४२ × २४. म्हणजे स्लीपरमध्ये बसते, चेअर कारमध्ये नाही. आजीला आकडे सांगितले. ती म्हणाली, "मगे मी काय सांगलंय?"

मग मी बाकीचंही नीट मांडलं. वंदे भारतने माझ्या हिशेबाने तीन-चार तास वाचले असते. पण ते कुणाचे? माझे, पाठीवर एक बॅग घेऊन जाणाऱ्याचे. आजीला तेवढा वेळ पाय खाली सोडून बसावं लागलं असतं, गुडघा दुखतो तिचा. ताईच्या मुलीला आडवं करायला जागा नाही. स्वयंचलित दरवाजे, कणकवलीला जेमतेम मिनिटांचा थांबा, अकरा नग. मागे एकदा आम्ही थांबा छोटा असताना सामान दाराशी आणायला उशीर केला होता आणि दोन पिशव्या पुढच्या स्टेशनपर्यंत फिरून आल्या. चूक आमचीच होती, पण ट्रंकेबाबत ती परवडणारी नाही. आणि कणकवलीहून मालवण कुडाळपेक्षा लांब, म्हणजे रिक्षाचा खर्च आणि खड्डे दोन्ही जास्त.

रात्रीच्या गाडीचे तास मात्र झोपेत जातात.

म्हणजे वंदे भारत वाईट का? अजिबात नाही. दोघं जण, दोन बॅगा, डिसेंबर महिना असेल तर मी डोळे झाकून तिचंच तिकीट काढीन. सवाल एवढाच, की आपण कोण, नेतोय काय, आणि ऋतू कोणता. कोकण रेल्वेलाही हे कळतं. १९९९ पासून ती भरलेले ट्रक वाघिणींवर चढवून नेते आणि २०२५ च्या गणपतीत कोलाड-वेर्णा मार्गावर चक्क कारसुद्धा नेल्या. ही गाडी पहिल्यापासून माणसांइतकीच त्यांच्या गाठोड्यांची आहे.

तर आम्ही तुतारीचं स्लीपर काढायचं ठरवलं. दोन टिपा. एक, तुतारी दादरहून रात्री १२:०५ ला सुटते, म्हणजे तारीख बदललेली असते. दरवर्षी कुणीतरी एक दिवस चुकीचं तिकीट काढतं. दोन, पंचेचाळीस वर्षांवरच्या बायकांसाठी लोअर बर्थचा कोटा असतो, आजी-आईचं तिकीट काढताना तो वापरा. आणि बुकिंग आता १२० नव्हे, ६० दिवस आधी उघडतं.

बुकिंगच्या सकाळी तीन मोबाईल आणि एक लॅपटॉप घेऊन बसलो. आजी, आई, बाबा, ताई कन्फर्म. आजीला लोअर बर्थ. माझं वेटिंग. कन्फर्म झालं तर ठीक, नाहीतर मी एसटीने जाईन, एका बॅगेसकट.

आजीला तिकीट दाखवलं. तिने विचारलं, गाडी किती वाजता पोचते? म्हटलं, दुपारच्या आसपास, पाऊस असला तर आणखी उशीर. ती म्हणाली, "झालो उशीर तर होवंदे. ट्रंक वांगडा व्हयी."

ती आता रोज एकेक समई काढून चिंचेने घासते आणि जुन्या साडीत गुंडाळून परत ठेवते. अजून निघायला दीड महिना आहे.

तुमच्या घरात बोटीने मुंबईला आलेलं कुणी असेल तर त्यांच्याशी बोला आणि मला व्हॉइस नोट पाठवा. सामान काय होतं, ते नक्की विचारा. भेटू पुढच्या भागात. येवा, कोकण आपलाच असा.