प्रकाशनपूर्व कसोटीची कथा

पुस्तक छापखान्यातून बाहेर पडण्यापूर्वी त्याची मुद्रिते तपासली जातात, हे आपल्या वाचकांस नव्याने सांगावयास नको. मुद्रितशोधकाचे नाव सहसा कोठे झळकत नाही. परंतु त्याची नजर चुकली की दोष प्रत्येक प्रतीत उतरतो. आज घरोघरी वापरल्या जाणाऱ्या मोबाइल ॲपच्या मागेही असेच अनामिक तपासनीस उभे असतात. त्यांच्या कार्यास ‘बीटा चाचणी’ असे म्हणतात. या प्रथेचा इतिहास फार जुना नसला, तरी बोधप्रद आहे.

अल्फा आणि बीटा ही ग्रीक वर्णमालेतील पहिली दोन अक्षरे. संगणकाच्या व्यवसायात ती रूढ होण्याचे मूळ आय.बी.एम. कंपनीच्या जुन्या यंत्रचाचण्यांत असल्याचे सामान्यतः मानले जाते. पुढे अर्थ असा स्थिरावला की, कर्त्यांनी आपल्याच कार्यालयात घेतलेली परीक्षा ती अल्फा आणि बाहेरच्या माणसांच्या हाती देऊन घेतलेली ती बीटा. या दुसऱ्या परीक्षेचे कारण सरळ आहे. ज्याने वाट बांधली तो तिच्यावरून डोळे मिटूनही चालतो. ठेच लागते ती परक्यालाच. गूगलची जीमेल सेवा १ एप्रिल २००४ रोजी निमंत्रितांसाठी सुरू झाली. तिच्या नावापुढील ‘बीटा’ हा शब्द जुलै २००९ मध्ये गळून पडला. परीक्षा पाच वर्षांहून अधिक काळ चालू होती!

ॲपलने १० जुलै २००८ रोजी सुमारे ५०० ॲपांसह आपले ॲप स्टोअर उघडले. त्या काळी स्टोअरमध्ये येण्यापूर्वी एखादे ॲप परक्याच्या आयफोनवर पाठविणे मोठे कटकटीचे होते. प्रत्येक उपकरणाचा ४० चिन्हांचा ओळखक्रमांक मागवून तो नोंदवावा लागे आणि वर्षाला १०० उपकरणांचीच मर्यादा असे. ही अडचण सोडविण्यासाठी २०१० च्या अखेरीस ‘टेस्टफ्लाइट’ ही सेवा निघाली. ॲपलने २०१४ मध्ये तिची मालक कंपनी विकत घेतली. त्या वर्षी बाहेरच्या १,००० परीक्षकांना मुभा मिळाली. ती मर्यादा पुढे १०,००० वर गेली. टेस्टफ्लाइटवरील प्रत्येक परीक्षणप्रत ९० दिवसांनी निकामी होते. ती कच्ची आहे, याची ही खूणच. गूगलनेही मे २०१३ मध्ये अँड्रॉइडसाठी अल्फा आणि बीटा चाचणीची सोय केली.

मात्र साधन हाती आले म्हणून विवेक येतोच असे नाही. अमेरिकेतील आयोवा राज्यात ३ फेब्रुवारी २०२० रोजी डेमोक्रॅटिक पक्षाच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारासाठी पहिली निवड होती. सुमारे १,७०० ठिकाणी सभा भरल्या. तेथील आकडे पाठविण्यासाठी जेमतेम दोन महिन्यांत एक ॲप तयार करण्यात आले होते. ते रीतसर स्टोअरमध्ये गेलेच नाही. आयफोनधारकांना ते टेस्टफ्लाइटमार्फत, म्हणजे कच्च्या प्रतीच्या वाटेनेच, देण्यात आले. संपूर्ण राज्यात एकाच वेळी वापरून त्याची परीक्षा झालेली नव्हती. त्या रात्री कित्येक केंद्रप्रमुखांना ॲपमध्ये प्रवेशच मिळेना. दूरध्वनी करावा तर मार्ग तुंबलेले. आज्ञावलीतील दोषामुळे काही आकडे अर्धवट पुढे जात असल्याचे पक्षाने सांगितले. पहिले निकाल दुसऱ्या दिवशी सायंकाळी, तेही अपुरे, जाहीर झाले. त्या वर्षाअखेरच्या चौकशी-अहवालाने राष्ट्रीय समितीने आयत्या वेळी घातलेल्या अटींकडेही बोट दाखविले. दोष केवळ यंत्राचा नव्हता, घाईचाही होता. सुदैवाने मतदारांच्या पसंतीची कागदी पत्रे जपलेली होती, म्हणून आकडे पुन्हा पडताळता आले.

या प्रसंगात जी चाचणी आधी व्हावयास हवी होती, ती प्रत्यक्ष निवडीच्या रात्री झाली आणि तिचे परीक्षक ठरले ते सामान्य स्वयंसेवक. ज्यांनी परीक्षक होण्यास संमती दिलेली नाही, अशा माणसांवर कच्चे काम सोपविणे हा अन्यायच होय. कदाचित म्हणूनच नियम कडक होत गेले. गूगलने नोव्हेंबर २०२३ मध्ये नव्या वैयक्तिक खात्यांसाठी २० परीक्षकांनी सलग १४ दिवस ॲप वापरण्याची अट घातली. डिसेंबर २०२४ मध्ये ही संख्या १२ वर आणली.

आपली मुलेमुली आज या व्यवसायात शिरत आहेत. त्यांच्या कामाचा पहिला वापर आपल्या घरातील आजीनेच केला आणि ‘हे मला कळत नाही’ असे ती म्हणाली, तर तो तिचा अडाणीपणा समजू नये. तो एका परीक्षकाचा अमूल्य अभिप्राय आहे. आपले काम दुसऱ्याच्या नजरेखाली ठेवण्याची तयारी, ही या लहानशा इतिहासाची शिकवण आम्हांस मोलाची वाटते.